काकीची रिकामी पाटी

कडाव गावातली आमची काकी रिकाम्या हाताने कधी चालली नाही. हळदीकुंकवाला निघाली तरी विळा बरोबर, येताना म्हशीला गवत आणायला. "हात हलवत काय चालायचं? लोक काय म्हनतील?"

त्यामुळे डाव्या स्तनातली गाठ काढून केमो सुरू झाली आणि व्यायाम शिकवणाऱ्या ताई "रोज थोडं चाला" म्हणाल्या, तेव्हा ती ओशाळलीच. ताई बजावत होत्या, दमेपर्यंत चालायचं नाही, चक्कर आली की बसायचं, ताप असेल तर घराबाहेर पडायचं नाही, डाव्या हाताने जड उचलायचं नाही आणि त्याला खरचटूही द्यायचं नाही, नाहीतर तो सुजतो. काकी माझ्या कानात म्हणाली, "कडावात कामाबिगर चालनारी बाई बघितलीस का गं कुनी?"

आजाराची तर तिला त्याहून लाज. गावात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. मग तिने युक्ती काढली. केस गेलेल्या डोक्यावर पदर, पदरावर रिकामी पाटी. "आता कसं कामाला निघाल्यावानी दिसतंय!" मी पोट धरून हसले.

कापणीचे दिवस होते. बांधावर शेजारची सुमनकाकी भाताचा भारा बांधून उभी. भारा डोक्यावर चढवायला दुसरी बाई लागतेच, आणि अशा हाकेला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. "वयनी, पाटी रिकामीच हाय ना? जरा हात लाव गं!" काकीने दोन्ही हात लावले. मग पुढच्या शेतातून हाक आली.

डाव्या हाताला पेंढा लागून खरचटलं, हात सुजला, बांगड्या रुतल्या. तेही तिने पदराखाली झाकलं. तापाने फणफणली तेव्हा घरात कळलं. पुढची केमो लांबली. डॉक्टरांपुढे तिने मान वर केली नाही. रिक्षात मात्र रडली. "मरनाचं भ्या नाय वाटलं गं. सुमनला नाय म्हनायचं भ्या वाटलं."

सुमनकाकीला समजलं तेव्हा ती धावत दारात आली. "मला सांगायचं नाय का, वयनी?" काकी बरी होऊन पुन्हा फिरायला निघाली, तेव्हा सुमनकाकीने तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून पडवीत ठेवली. दोघी हात हलवत गावातून गेल्या. काकी खाली बघूनच चालत होती.

आजार परतला आणि काकी गेली. मी कडावला गेले की सुमनकाकी सकाळी हाक मारते, "चल, फिरून येऊ." माझा हात आपोआप खुंटीवरच्या पिशवीकडे जातो.

"ठेव ती," ती म्हणते.

मी ठेवते. वाटेत कुणी विचारतं, "कुठं निघालाव गं?"

"कुठं नाय. चालतो नुसत्या," सुमनकाकी मोठ्याने सांगते. माझी मान अजून खालीच असते.