काकूंनी मारलेली गाठ
शेजारच्या काकूंची गाय माझ्यामुळे मेली, आणि त्याचा दोष मी वीस वर्षं काकूंवरच राहू दिला. उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचा, ओला, गोडसर वास आला की दुष्काळातली ती चारा छावणी आठवते. ती छावणी आमच्या गावच्या सोसायटीने चालवली होती. माजलगावकडून वाढ्यांचा ट्रक यायचा आणि दुपारी जनावरांच्या दावणीपाशीच भजन चालायचं. मी नवाच भजनी होतो, शब्दन् शब्द खरा मानायचो. एका भजनात होतं, की दावं सोडून दे, राखायला देव बसलाय. एका दुपारी काकू तिथं गाय बांधून पाण्याला निघाल्या. "गाठ पक्की मारलीय बाबा, पर जरा ध्यान ठिव," म्हणाल्या. त्या वळताच मी दावं सोडलं आणि हात जोडून, डोळे मिटून बसलो. गाय शेजारच्या रानात शिरून ज्वारी खाऊ लागली. पावसावाचून खुरटलेली कोवळी ज्वारी जनावराला विषासारखी असते, हे मला ठाऊक होतं; देवालाही असेल, असं मी धरून चाललो. काकू परतल्या तेव्हा गाय पाय झाडत होती. "बाईमाणसाची गाठ, सुटणारच की," कुणीतरी म्हणालं. काकू रिकामं दावं हातात घेऊन एवढंच म्हणाल्या, "माझंच चुकलं." तेव्हापासून त्या कशालाही गाठ मारली की दोनदा ओढून बघतात. परवा अंगणात शेळी बांधून तशाच ओढत होत्या, तेव्हा मी त्यांच्यापाशी जाऊन बसलो. म्हणालो, "काकू, तुमची गाठ पक्की हुती. ती मी सोडली. मला माफ करा."