पेटीचा सूर चढत नाही

आमच्या संगीत मंडळाला आता माझ्या कॅसेट हव्या आहेत. महिन्यापूर्वी नव्या कमिटीतले दोघे घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "काका, तुमचा खजिना आम्हाला द्या, आम्ही जपून ठेवू." खजिना हा शब्द त्यांनी चार वेळा वापरला. मग त्यातला एक हसत म्हणाला, "ती तबला पळाल्याची कॅसेट पण आहे ना? लई ऐकलंय तिच्याबद्दल."

मी त्यांना रिकाम्या हाताने पाठवलं. त्या कॅसेटबद्दल जे ऐकलं जातं ते खोटं आहे, आणि ते खोटं माझ्यामुळे टिकलं. हे मी मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहून दिलं होतं. "जुन्या गोष्टी कशाला उकरता?" म्हणून त्यांनी परत केलं. म्हणून इथे लिहितो आहे.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी भिवंडीत सुताच्या एका गोदामावरच्या हॉलमध्ये आमची बैठक भरायची. शुक्रवारच का, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. बाकीच्या दिवशी खालच्या गल्लीत कापडाचे लूम चालू असायचे, आणि त्या खटखटीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे तानपुरा कुठला ऐकू येणार! शुक्रवारी लूमला सुट्टी. वेळ अडीचची, कारण आमचे तबलजी जुम्म्याची नमाज पढून यायचे. तीस-चाळीस माणसं, चार सतरंज्या आणि मधोमध एक खांब. खांबामागे बसावं लागलेला माणूस पूर्ण बैठकभर कुरकुरायचा.

तबलजी इथलेच, जुन्या कोकणी मुसलमान घरातले. कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम चालू करणारे. आठवडाभर हातात पाना आणि शुक्रवारी तबला. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. आमचं वय एकच, तरी मीही चाचाच म्हणायचो. ते मला 'काटेवाले' म्हणायचे, कारण मी नोकरीभर कोन गावाच्या बाजूला एका वजनकाट्यावर बसलो. ट्रक काट्यावर चढला की मी सांगेन ते वजन. त्याच्यावर कोणी बोलायचं नाही.

गायचे ते बुवा. पेटीही तेच वाजवायचे. गळा चांगला होता, हे मी नाकारत नाही. पण समोरच्याने 'वाह' म्हटलं की ती कोणासाठी होती हे ते डोळे उघडून बघायचे. तबल्यासाठी असली, तर पुढचा अर्धा तास चेहरा आंबट.

आणि मी रेकॉर्डिंग करायचो. पुतण्याने आखातातून आणलेला, चामड्याच्या केसमधला, खांद्याला अडकवायचा कॅसेट रेकॉर्डर, एक माईक, कानाला हेडफोन. विजेवर लावला तर टेपमध्ये घुं असा आवाज यायचा, म्हणून मी सेल वापरायचो. चार मोठे सेल, दर बैठकीला नवे. वापरलेले घरच्या टॉर्चमध्ये टाकायचे. हा नियम मी स्वतःच केला होता आणि सगळ्यांना ऐकवायचोही.

त्या महिन्यात गुरुवारी सेल आणायचे मी विसरलो. शुक्रवारी आमच्या बाजूची दुकानं बंद. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते, टॉर्च रोज जळत होता. निघताना त्यातलेच चार सेल काढले आणि रेकॉर्डरमध्ये घातले. बायको म्हणाली, "अहो, ते संपत आलेत." मी म्हणालो, "दोन तासांचा प्रश्न आहे, चालतील."

पूर्वार्ध नीट गेला. मध्यंतरानंतर बुवांचं शेवटचं भजन सुरू झालं, पेटीच्या काळी एक या पट्टीत. चाचांनी ठेका असा धरला की खांबामागचेही गप्प झाले. बुवा एका जागी दमले, चाचांनी तिथे छोटीशी जागा भरून त्यांना सावरलं आणि हॉल 'वाह' म्हणून उठला. बुवांनी डोळे उघडले.

मी मात्र रेकॉर्डरच्या काट्याकडे बघत होतो. सेलचा काटा लाल पट्ट्यात गेला होता. कानात सगळं ठीक ऐकू येत होतं, कारण हेडफोनमध्ये समोर चाललंय तेच येतं. पण आत टेप हळू फिरायला लागली होती. हळू फिरलेल्या टेपवरचं गाणं नंतर नव्या सेलवर लावलं की पळतं. लय वाढते आणि सूरही चढतो. हे मला माहीत होतं. हात वर करून "थांबा" म्हणायला हवं होतं, निदान शेवटी "हे रेकॉर्डिंग धरू नका" म्हणायला हवं होतं. मी बटण बंद केलं, कॅसेटवर तारीख लिहिली आणि 'फार छान' म्हणत जिना उतरलो.

आठ दिवसांनी बुवांनी मला कॅसेट घेऊन घरी बोलावलं. मी नवे सेल घालून गेलो. ही अक्कल आठ दिवस उशिरा आली. भजनाच्या मध्यापासून सगळं पळायला लागलं. बुवांनी मांडीवर थाप मारली.

"ऐका! म्हणूनच माझा दम तुटला. मला वाटलं मी म्हातारा झालो. हा पळवतोय मला!"

मी म्हणालो, "बघायला हवं."

माझ्या तोंडून निघालं ते एवढंच.

पुढच्या बैठकीला गाणं झालंच नाही. सतरंजीच्या मधोमध माझा रेकॉर्डर ठेवला आणि चाचांना समोर बसवून टेप लावली. भजनाची सुरुवात, मग शेवट. पुन्हा सुरुवात, पुन्हा शेवट. फरक बहिऱ्यालाही कळला असता.

मंडळाचे अध्यक्ष खाडीकडचे जमीनदार. गाण्यातलं त्यांना कळायचं नाही, हॉल त्यांचा होता. ते म्हणाले, "चाचा, ह्ये काय हाय? बुवांचा जीव घेतोस का काय?"

मागून एकजण म्हणाला, "यांच्या नमाजासाठी अडीचपर्यंत थांबायचं, आणि वर ही घाई!" लोक हसले. मीही हसलो असेन. नक्की आठवत नाही असं लिहिणार होतो, पण आठवतं. हसलो.

चाचा रागावले नाहीत. कान टेपला लावून बसले होते. मग म्हणाले, "पेटी आणा."

"पेटी कशाला?" बुवा.

"अरे, सुरुवातीला काळी एक आहे. शेवटाला बघा, चढून पांढरी दोनला टेकलंय. मी लय पळवली, मान लिया. पेटीचा सूर कधी चढतो काय? पेटी भी मैंनेच भगाई क्या?"

हे इतकं सरळ होतं. पेटी तिथेच, हाताच्या अंतरावर, कापडाखाली झाकलेली. एक पट्टी दाबली असती की संपलं असतं.

बुवा म्हणाले, "आता पेटीलाही दोष देणार! न्हायतर माझा गळाच खोटा म्हणा."

"न्हाय न्हाय, बुवा," अध्यक्ष म्हणाले, "पेटीवर कोन ढकलतंय?" आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा हो काटेवाले. टेप बरोबर हाय ना?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. चाचाही. बिघडलेल्या लूमकडे बघायचे तसे बघत होते, दोष कुठे आहे हे आधीच कळलेलं असल्यासारखे.

मी म्हणालो, "टेप जे झालं ते पकडते. तिला काय पडलंय?"

चाचांनी तबला आणि त्याखालची इंडवी उचलली, डग्गा काखेत घेतला. दाराशी थांबून म्हणाले, "काटा तुझा, वजन तुझं." आणि गेले.

त्या महिन्यात वज्रेश्वरीला बुवांचा कार्यक्रम होता. एरवी साथीला चाचा जायचे, ते काम ठाण्याच्या दुसऱ्या तबलजीला मिळालं. गावात 'पळवणारे चाचा' हे नाव पडलं. इतर मंडळांनी त्यांना बोलावलं नाही, कारण आमच्याकडे 'पुरावा' होता. माझी कॅसेट. बुवांनी ती दहा जणांना ऐकवली, प्रत्येक वेळी माझ्याकडून मागून नेली, आणि मी प्रत्येक वेळी काढून दिली. बुवा आता नाहीत. त्यांच्याबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. मी लिहिलं आहे, पण हॉलमध्ये खरं माहीत असलेला माणूस ते नव्हते. तो मी होतो.

दोन वर्षांनी चाचा एस.टी. स्टँडवर भेटले. दिघाशीची गाडी लागायची होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "चाचा, एक सांगायचंय. त्या दिवशी..."

"सेल उतरले होते," ते म्हणाले. "मला मालूम आहे. तिथेच मालूम होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोललो की. पेटी आणा म्हणालो. तू नाही बोललास." गाडी लागली तसे ते उठले. "मला नको सांगूस. जिथे गप्प बसलास तिथे सांग."

मी तिथे सांगितलं नाही. त्यानंतरही कित्येक शुक्रवार त्याच हॉलमध्ये त्याच रेकॉर्डरसह बसलो. नवे सेल घालून.

ज्यांना शंका आहे त्यांनी माझ्याकडे यावं. कॅसेट आहे, पेटीही मी विकत घेतली आहे. भजन सुरू झालं की काळी एक दाबून धरा. जुळेल. शेवटपर्यंत धरून ठेवा. जुळणार नाही. तबला पळाला असता तर पेटी जुळलीच असती.

मागच्या आठवड्यात हे सगळं लिहून मी चाचांच्या घरी गेलो. सुनेने दार उघडलं, आत विचारून आली, मग बसायला सांगितलं. पाणी दिलं, चहा विचारला नाही. चाचा खाटेवर होते. लूममध्ये आयुष्य गेलं, डावा कान आता बंद आहे. उजव्या कानाशी बसून मी पहिल्यापासून वाचलं. हॉलमध्ये लोक हसले, मी हसलो, तेही वाचलं. वाचून झाल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"ते ठेव तुझ्याकडे. भजनाला मी केरवा वाजवला असं लिहिलंयस."

"हो."

"केरवा नव्हता. भजनी ठेका होता. मात्रा आठच, पण दोन्ही एक नाहीत. इतकी वर्षं टेप तुझ्याकडे आहे, ऐकली नाहीस काय?"

मी पेन काढून तो शब्द खोडला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग कुशीवर वळले, बंद कान माझ्याकडे करून. सून म्हणाली, "आता झोपतील ते."

वर मी नुसतं 'ठेका' असं ठेवलं आहे. तो भजनी ठेका होता. आणि तो पळाला नव्हता.