जमीन समक्ष हजर

आता काय सांगू तुम्हाला! लोक कॉलेजात जाऊन वेडेपणा करतात. मी तो जायच्या आधीच उरकून घेतला.

उमरठजवळ आमची वाडी. मी मॅट्रिक झालो, पण पुण्याच्या कॉलेजची फी कुठून आणायची? वडील नव्हते. शेती बघायचे माझे चुलते, तात्या. कुणी सांगितलं, महाडची एक संस्था गरीब मुलांना फीसाठी बिनव्याजी पैसे देते. अर्ज टाकला. नाही मिळाले तर मुंबईची गिरणी ठरलेलीच!

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. अक्षर खरडलेलं, त्यात पावसानं शाई पसरलेली. मी मोठ्यानं वाचलं, "सोमवारी येताना जमीन समक्ष हजर करावा."

तात्यांची विडी ओठातच राहिली. "जमीन हजर? ती कशी न्यायची रे?"

"नमुना बघत असतील, तात्या. हल्ली मातीची परीक्षा करतात म्हणे."

"मंग 'करावा' कशाला? जमीन ती ना?"

"ही हापिसातली मराठी, तात्या. तुम्हाला नाय कळायची!"

मॅट्रिकचा तोरा होता हो! मलाही उत्सुकता लागली होती, आपल्या मातीत हे लोक बघणार तरी काय?

सोमवारी तात्यांनी भाताच्या खाचरातला चांगला भलाथोरला चिखलगोळा उचलला, पाटीत ठेवला, वर फडकं बांधलं. पोलादपूरला एसटीत चढलो, तर कंडक्टर म्हणाला, "पाटीत काय हाय?"

"जमीन," तात्या म्हणाले.

पुढे महाडपर्यंत आमच्या शेजारी कुणी बसलं नाही.

संस्थेचे चिटणीस म्हातारे, कानानं जरा कमी. तात्यांना पाटीसकट बाहेर बसवून मी आत गेलो.

"जामीन आणलात?"

"हो. बाहेर आहे."

"ओळखीचा ना?"

"अहो, आजोबांपासून आमच्याकडेच आहे!"

"वा! करतो काय?"

मी गोंधळलो. "भात देते. चांगला पाऊस झाला तर."

"सही करता येते?"

मातीची सही? पण फीचा प्रश्न होता. म्हटलं, "अंगठा उमटेल, साहेब. ओली आहे."

चिटणिसांनी चष्मा सारखा केला. "आत आणा बघू."

तात्यांनी पाटी टेबलावर ठेवून फडकं सोडलं. चिखलातून एक खेकडा बाहेर आला आणि माझ्या अर्जावरून तिरका तिरका चालू लागला.

चिटणीस खुर्चीतून उडालेच! "हे काय?"

"तुम्हीच लिहिलंत ना, जमीन हजर करा म्हणून!" मी कार्ड पुढे केलं.

त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं. "अहो, जा-मी-न! 'ज'ला काना आहे! पैसे फेडण्याची हमी देणारा माणूस!"

"मानूस?" तात्या खेकडा पकडता पकडता थांबले. "मी हाय की! हमी काय, पोराला पाठीवर बसवून पुण्याला नेतो."

चिटणीस इतके हसले की डोळे पुसावे लागले. तात्यांचा अंगठा घेतला, अर्जावर 'मंजूर' लिहिलं. मग एक रकाना रिकामा दिसला म्हणून त्यांनी विचारलं, "कॉलेजात विषय कोणता घेणार?"

मी खाली मान घातली.

"मराठी."