प्रज्ञाच्या नकाशातलं आमचं घर

प्रज्ञा गेल्याचा फोन तिच्या भावाने केला, तेव्हा मी लोणावळ्याच्या शाळेत वह्या तपासत होते. काविळीचं निमित्त झालं, म्हणाला. फोन ठेवला आणि उरलेल्या वह्याही तपासून टाकल्या. पाच आठवडे झाले, अजून रडू आलेलं नाही.

कार्ल्याच्या शाळेत आम्ही पहिलीपासून एका बाकावर. पुढे मी शिक्षिका झाले आणि ती सौरऊर्जेची संशोधक. कोणत्या भागातल्या छपरांवर पाणी तापवायचा सोलर कधी पोचेल, याचं गणित ती कॉम्प्युटरवर मांडायची. शेजाऱ्याचं पाहून शेजारी घेतो, एवढाच त्याचा आधार. गावातला पहिला सोलर बौद्धवस्तीत, तिच्याच घरावर बसला. आमचं घर हाकेच्या अंतरावर, म्हणून नकाशात पुढचा ठिपका आमचा. पण आमच्याकडे लाकडांचा बंब धुमसतच राहिला आणि सोलर पोचला कुठे, तर लांब आंबीला, तिच्या मावशीकडे! "तुझ्या आबांनी माझ्या गणिताची पार वाट लावली," म्हणून ती हसायची. एकदा तिने माझ्या वडिलांना, आबांनाच, रस्त्यात गाठलं. आबा म्हणाले, "पानी खरंच तापतं का, आमी कुटं बघितलंय?"

"मग या की घरी बघायला."

आबांनी "व्हय, व्हय" केलं आणि एसटी चुकेल म्हणून सटकले. एसटीला अजून अर्धा तास होता.

मग तिने गणितातून किलोमीटर काढले आणि कोण कोणाच्या घरी चहाला जातं, ते घातलं. गावोगाव विचारत फिरली. शेवटी माझ्याकडे आली. "तू आमच्या घरी किती वेळा आलीस?"

"अगं, रोज तर भेटतो आपण..."

"घरी विचारलं."

तिने शून्य लिहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तोंड पाडू नकोस गं, मला फक्त आकडा हवाय," म्हणाली. तिचं गणित जुळलं. मी मात्र त्यानंतरही गेले नाही... आज जाऊ, उद्या जाऊ.

गेले, ते ती गेल्यावर. तिची आई म्हणाली, "पयल्यांदाच आलीस न्हवं? हातपाय धू, नळाला गरम पानी हाय." पाणी चांगलं कढत होतं. मग तिच्या आईने मला प्रज्ञाच्या खोलीत बसवलं. टेबलापाशी एकच खुर्ची होती, तिच्यात बसले. समोरच्या खिडकीत आमचं घर होतं, ओसरीसकट अख्खं, आणि आबांच्या बंबाचा धूर. तिच्या आईने दिलेला चहा मी प्यायले. इथून आमचं घर इतकं जवळ दिसतं, हे मला माहीत नव्हतं.