राखलेलं पाणी

नाथसागराच्या फुगवट्याला, शेवगावच्या अंगाला, भोयांची वस्ती आहे. तिथली बनुबाई पन्नाशी उलटली तरी थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून जाळं टाकायची. पण गेली चार-पाच वर्षं जाळ्यात बोटभर पिल्लंच येत होती. मरळ तर दिसेनाशीच झाली. एकदा मासा चिरताना तिच्या हातात ओंजळभर अंडी आली, तशी ती विळी तिथंच सोडून उठली.

मच्छीमार सोसायटीची बैठक पारावर बसली होती. बनुबाई मधोमध उभी राहिली.

"बुडाल्या बाभळींपाशी उथळ पानी हाय. मासा तिथं अंडी घालतो. आषाढ-श्रावन तिथं कुनी जायाचं न्हाई. आन बारीक जाळी तर कायमचीच बंद करा."

तिचा दीर छगन उसळला, "वैनी, पानी काय तुमचं हाय?"

"माझं न्हाई, भावजी. माशांच्या आयांचं हाय!"

बाया खुदकन हसल्या. बनुबाईनं घरून आपलं बारीक जाळं आणलं, सगळ्यांदेखत कापलं आणि परसातल्या दोडक्याच्या वेलाला मांडव म्हणून बांधून टाकलं. मग एकेक हात वर झाला. ठराव झाला. सही केली नाही ती एकट्या छगननं.

श्रावणातल्या एका सकाळी तो जाळं घेऊन बाभळींकडे निघालाच. बनुबाईनं आपला तराफा त्याला आडवा घातला.

"बाजूला व्हा, वैनी."

"व्हते की. आदी खाली बघा."

छगन वाकला. पाण्यात लालसर पिल्लांचा ताटाएवढा पुंजका वळवळत होता आणि त्याखाली मरळीची काळीशार जोडी घिरट्या घालत होती. त्यानं हात बुडवला, तशी एक मरळ थेट बोटांवर धावून आली. छगननं झटकन हात काढला आणि इतक्या मोठ्यानं हसला, की बाभळीवरचे बगळे उडाले.

"आयला! पोरांसाठी मानसाच्या अंगावर येती!"

जाळं गुंडाळून तो माघारी फिरला. त्या दिवसापासून राखणीला सगळ्यांच्या पुढं छगनच. परगावचा तराफा बाभळींकडे वळला, की काठावरून त्याची आरोळी ठरलेली.

पुढच्या दिवाळीनंतर जाळी जड लागू लागली. बनुबाईच्या जाळ्यात हातभर मरळ आली, त्या दिवशी तिनं अख्ख्या वस्तीला कालवण वाढलं. तिसरी भाकरी कुस्करत छगन म्हणाला, "वैनी, येत्या आषाढात पल्याडचं उथळ पानी बी राखू."