कास्कडू सोडून सगळं

परदेशातून आलेल्या माणसाने किस्से जमवलेले नसतात. लोक विचारतात, तो उत्तर देतो. तेच उत्तर पुन्हा पुन्हा देऊन कंटाळा आला की त्यातला अनावश्यक भाग आपोआप गळतो आणि जे उरतं त्याला लोक किस्सा म्हणतात. माझ्याजवळ असे बरेच साठले आहेत. सांगून सांगून मी थकलो आहे, म्हणून आता लिहून काढतो.

रत्नागिरीत मांडवीच्या जेट्टीवर संध्याकाळी आम्ही काही निवृत्त मंडळी बसतो. त्यातले सुर्वे बंदर खात्यात होते. त्यांचा भाचा बोटीवर नोकरीला लागला आहे आणि त्याची बोट त्रिनिदादला जायची आहे. सुर्वे म्हणाले, "सर, तिकडे काय खायचं नि काय टाळायचं, ते लिहूनच द्या त्याला." मी तिथे तीन महिने राहून आलो हे खरं. आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, डॉक्टरेट माशांवर केली, हेही खरं. पण दुसऱ्याने काय खावं हे सांगण्याइतकी खात्री मला कशाचीच नसते. तरी लिहितो. चुकलं असेल तर भाच्याने मोठ्या मनाने घ्यावं.

मी तिथे पर्यटनाला गेलो नव्हतो. मुलगी मेघना तिथे गॅसच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथल्याच रायनशी तिने लग्न केलं. रायनची आई डॉलीबाई त्यांच्याजवळच राहतात. आमची ही गेल्यापासून मेघना फोनवर एकच सांगत होती, "बाबा, तीन महिने राहून बघा. तिथलं खाणं मानवलं तर कायमचे या. माळनाक्याचं घर विकून टाकू." म्हणजे मी जो घास खाणार होतो, तो नुसता घास नव्हता. तो पचला तर घर जाणार होतं.

विमानतळावरून घरी जातानाच तिने नियम घातला, "प्रत्येक घासाला 'आपल्याकडे' म्हणायचं नाही. तुलना सुरू केलीत की तुमचं इथे जमणार नाही."

मी कबूल केलं. मला ते पहिल्या दिवशीसुद्धा पाळता आलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी रायन मला मासळीबाजारात घेऊन गेला. माशांचा वास आला आणि मला जरा बरं वाटलं. टेबलावर एक मोठा मासा होता, आपल्या सुरमईच्या भावंडातला. मी सवयीने पुढे झालो, कल्ला उघडून लाली बघितली, बोटाने पाठ दाबली आणि भाव विचारला.

विकणारी बाई समुद्राकडे बघत राहिली. ऐकू गेलं नसेल म्हणून मी पुन्हा विचारलं. ती बघतच राहिली. रायनने डोक्याला हात लावला.

शेवटी बाई माझ्याकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "अंकल, तो मेलाय. मी जिवंत आहे. आधी मला गुड मॉर्निंग म्हणा."

मी म्हटलं. मग तिने भाव सांगितला, मासा कापून दिला आणि वर लिंबूही दिलं. तर भाच्याने हे लक्षात ठेवावं. दुकानात शिरताना, गाडीत बसताना, काही विचारताना आधी गुड मॉर्निंग. आपल्याकडच्या मासळीवाल्या आधी आपल्याला बोल लावतात आणि मग भाव सांगतात, त्यापेक्षा हे सोपं आहे. (ही तुलना झाली. पण मेघना हे वाचणार नाही.)

त्याच बाजारात एका बादलीत काळे, मिशांचे मासे वळवळत होते. अंगावर खवल्यांऐवजी पट्ट्यापट्ट्यांचं कवच. मी ओळखले. दलदलीत राहणारे, हवा गिळून जगणारे. पुस्तकात चित्र दाखवून मी ते कैक वर्षं शिकवले होते. रायन म्हणाला, "बाबा, हा कास्कडू. आमच्याकडे मानतात की हा खाल्लेला माणूस कुठेही गेला तरी शेवटचे दिवस काढायला त्रिनिदादलाच परत येतो."

मी हसलो. शास्त्राच्या माणसाने जसं हसावं तसंच हसलो असेन. पण घरी येईपर्यंत मी दोनदा विचारलं, आपण नक्की सुरमईच घेतली ना?

*

तिथे सकाळी रस्त्यावर डबल्स मिळतात. मऊ तळलेल्या दोन पुऱ्या, मध्ये हरभऱ्याची उसळ, वरून चिंचेची चटणी, काकडी आणि मिरचीचा रस. कागदावर देतात आणि उभ्याने खायचं. मी बसायला जागा शोधत राहिलो. तोपर्यंत उसळीने सदऱ्यावर जागा शोधली. पांढरा सदरा घालून जाऊ नये.

गाडीवाला प्रत्येकाला विचारत होता, तिखट किती. लोक म्हणत होते, "स्लाइट." मला वाटलं, आपण कोकणातली माणसं, माशाच्या तिखटावर वाढलेली. निदान एका बाबतीत तरी इथे आपण कमी पडायला नको. मी म्हटलं, "फुल."

त्याने माझ्याकडे बघितलं. पळीतलं तिखट परत बरणीत टाकलं आणि मेघनाला विचारलं, "ह्यांचा विमा आहे का?"

त्याने स्लाइटच घातलं. ते खाऊन मी अर्धा तास बोललो नाही. मेघना म्हणाली, तेवढा वेळ तुलना झाली नाही, बरं वाटलं.

*

डॉलीबाईंचे पूर्वज बिहारातून उसाच्या मळ्यात गेलेले. त्यांना हिंदीचं एक वाक्य येत नाही. मी पहिल्या दिवशी हिंदीत बोललो तर त्या नम्रपणे म्हणाल्या, "प्रोफेसर, मला तुमची मराठी येत नाही." पण स्वयंपाकघरात तवा, बेलना, लोटा, चोका (म्हणजे भरीत), भाजी हे शब्द तसेच.

ही भाजी म्हणजे आपलं अळू. खोबऱ्याच्या दुधात शिजवतात, आंबट काही घालत नाहीत. हे बघून माझा जीव खालीवर. अळू आंबटाशिवाय घशाला खाजतं. ऑक्सलेटचे स्फटिक असतात, ते मी सूक्ष्मदर्शकाखाली मुलांना दाखवलेले आहेत. पण यजमानीण बाईंना रसायनशास्त्र कसं सांगायचं? त्यात मी त्यांच्याच घरात कायमचा येणार की काय, हे अजून ठरायचं होतं.

त्या वेणीफणीला गेल्यावर मी बॅगेतली चार आमसुलं काढली आणि पातेल्यात सोडली.

जेवताना रायनच्या चमच्यात एक आलं. काळं, सुरकुतलेलं, चिवट. त्याने ते उचलून धरलं. डॉलीबाईंनी टेबलाखाली वाकून सगळ्यांच्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "हे कुणाच्या चपलेचं?"

मला कबूल करावंच लागलं. मेघनाने कपाळ धरलं. डॉलीबाईंनी भाजीचा घास घेतला, तोंडात घोळवला, पुन्हा एक घेतला. दुसऱ्या दिवशी आमसुलांची पिशवी माझ्या बॅगेत नव्हती. त्यांच्या मसाल्यांच्या फळीवर होती.

*

मी गेलो तेव्हा इथे आपला हंगाम ऐन भरात होता. रत्नागिरीच्या माणसाने मे महिन्यात परदेशी जाणं म्हणजे काय, ते सुर्व्यांना वेगळं सांगायला नको. तिथे डॉलीबाईंच्या अंगणात त्यांचा आंबा होता. त्या कैऱ्या तोडून, लसूण, मीठ, मिरची लावून वाडगाभर खात. पिकला आंबाही झाडाखाली उभ्याने, सालीसकट चोखून. मला एक दिला. चवीचं मी काही बोललो नाही. रसाळ आहे म्हटलं. मेघना माझ्या तोंडाकडे बघत होती.

डॉलीबाईंना ते कळलंच. त्या म्हणाल्या, "तुमच्या गावी आंब्याचं काय करतात?"

मग माझा संयम सुटला. पावस गावची आंब्याची बाग सांगितली. जाळीच्या झेल्याने देठासकट उतरवणं, गवताची अढी, एकेक फळ हातात घेऊन निवड, पेट्या, मुंबईचा बाजार, दुबई. डाग पडलेलं फळ कसं बाजूला काढतात आणि ते घरात कसं येतं. मी बराच वेळ बोललो असेन. इतकं सलग मी निवृत्तीनंतर कधी बोललो नव्हतो.

डॉलीबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि खाता कधी?"

हा किस्सा सुर्व्यांना सर्वांत आवडतो. ते स्वतः पावसचे आहेत.

*

पण कास्कडूचं काय, असं सुर्वे दर वेळी विचारतात. "सर, तो मासा खाल्लात की नाय, तेवढं सांगा."

मी सांगायचं टाळतो. त्यातून माझी अब्रू जाते. मला ठाऊक होतं की माशात असं काही नसतं. प्रथिनं असतात, थोडा चिखलाचा वास असतो. तरी रोज ताटावर बसलो की मी विचारत असे, आज कुठला मासा आहे? आधी सहज विचारल्यासारखं विचारायचो. पुढे सहजपणाचं सोंगही सोडलं. मेघना एकदा चिडली. म्हणाली, "बाबा, प्राणिशास्त्राचे प्रोफेसर ना तुम्ही? अंधश्रद्धेवर व्याख्यानं देत होतात. एक मासा खाल्ल्याने काय होणार आहे?"

तिचं बरोबर होतं. पण मला वाटे, एकदा तो पोटात गेला की मग माळनाक्याच्या घरात मी फक्त कुलूप लावायला जाणार. हिने लावलेली अबोली कुणीतरी उपटून टाकणार. हे सगळं मी एका माशावर का ढकललं, ते माझं मलाही कळत नाही.

एका रविवारी डॉलीबाईंनी पातेल्याचं झाकण काढलं आणि माझ्या तोंडून नेहमीचा प्रश्न गेला, "हा कास्कडू तर नाही?"

पातेल्यातून खेकड्याचा आख्खा नांगा बाहेर आला होता.

डॉलीबाई म्हणाल्या, "प्रोफेसर, तुम्ही नक्की कुठला विषय शिकवत होतात?"

*

परतायचा आठवडा आला. मेघनाने विचारलं, "बाबा, काय ठरवलंत? नुसतं सामान आणायला जाताय, की…" मी म्हटलं, रविवारी सांगतो.

खरं तर मी थकलो होतो. घाबरण्याचाही एका वयानंतर कंटाळा येतो. एकट्याने कुकर लावायचा आणि एकट्याने त्याच्या शिट्ट्या ऐकायच्या, त्यापेक्षा हे बरं, असं मनाला समजावलं. शनिवारी मीच डॉलीबाईंना म्हटलं, उद्या कास्कडू करा. त्या म्हणाल्या, "गुड." इतकंच.

रविवारी टेबलावर भात होता, अळूची भाजी होती आणि झाकलेलं पातेलं होतं. डॉलीबाई म्हणाल्या, "आज विचारू नका. आज तोच आहे."

रायनने दोन घेतले, डॉलीबाईंनी एक. मग पातेलं माझ्याकडे आलं. मी एक उचलून ताटात घेतला. पिवळ्या रश्शात काळं कवच तसंच होतं. आयुष्यभर चित्रात दाखवलेला मासा, पण खायला कुठून सुरुवात करायची ते माहीत नव्हतं. शेजारी मेघना होती. मी तिला विचारलं, "अगं, हे कवच कुठून सोडवायचं?"

"रायनला विचारा," ती म्हणाली.

रायन बोटं चाटत हसला. "तिला कुठून माहीत असणार, बाबा? लग्न झाल्यापासून तिने हा तोंडात घातलेला नाही. आई दर वेळी करते आणि हिचं दर वेळी त्याच दिवशी पोट बिघडतं."

डॉलीबाई ताटात बघून सावकाश कवच सोलत राहिल्या. ही गोष्ट त्यांना नवी नसावी.

मी मेघनाकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या ताटातला मासा चमच्याने उचलून तिने रायनच्या ताटात ठेवला. मग भाजीचं भांडं पुढे ओढलं, तळातलं एक आमसूल शोधून काढलं आणि भाजीबरोबर मला वाढलं.

"बाबा, ही घ्या," ती म्हणाली. "आज अगदी आपल्याकडच्यासारखी झालीय."