विश्वावरची पिवळी चिठ्ठी

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पिंपरीच्या औषध कारखान्यात मी प्रयोगशाळेत नवी होते. सांगवीहून सायकलवर येणारे एक मामा तिथे बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत. पिवळी म्हणजे तपासणी बाकी, लाल म्हणजे नापास. पिवळ्या चिठ्ठीची बाटली ते साहेबांनाही हलवू देत नसत.

जेवणाच्या सुट्टीत ते इंग्रजी विज्ञान-मासिक माझ्यापुढे सरकवत. "ताई, आभाळाचं वाचा." मी ओळींवर बोट फिरवत हळू आवाजात मराठीत सांगे. विश्वाला सुरुवात नाही, ते कायम असंच आहे, हा तर्क त्यांना फार आवडे. "म्हंजे आपन उशिरा आलो न्हाई," असं म्हणून ते हसत. तो तर्क त्यांनी वहीत उतरवला होता, आणि त्यावरही पिवळी चिठ्ठी होती.

एका अंकात निघालं, की फार दूरचं, म्हणजे जिथला प्रकाश पोचायला युगं लागतात असं फार जुनं आकाश आजच्यासारखं नाही. ते खरं ठरलं तर मामांचा तर्क कोसळणार होता. मी तो परिच्छेद गाळला.

"ताई, तुमचं बोट हितं पळालं. काय हाय?"

मी खाली बघत सांगितलं.

"नापास बाटली लपवली तर मानूस मरतं, ताई," ते शांतपणे म्हणाले. "दुसऱ्या कुनी मोजलंय?"

"मोजलंय. पण दोघांचे आकडे जुळत नाहीत अजून."

"मग लाल न्हाई लावायची."

त्यांनी कोरं पान उघडलं, विश्वाला सुरुवात आहे असं लिहिलं, आणि त्यावरही तशीच पिवळी चिठ्ठी लावली. चिठ्ठी सरळ बसली.